इशारा ओढ्याच्या वाटेनं येऊ द्या

हवामानाचा अंदाज वर्तवणारे शास्त्रज्ञ आणि तो अंदाज सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत पोचवणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगराखालच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. घरची दीड एकर हळद आहे. संध्याकाळचं दूध साडेपाचला यायला लागतं आणि साडेसातला कॅन भरून गाडी रवाना होते. वळीव यायची वेळही नेमकी हीच. त्यामुळे मार्चपासून मेअखेरपर्यंत माझा एक डोळा फॅटच्या मशीनवर आणि दुसरा पांडवगडाच्या मागच्या आभाळावर असतो.

गेल्या चैत्रातली गोष्ट सांगतो, मग मागणं मांडतो.

गावची यात्रा दोन दिवसांवर आली होती. पाळणेवाल्यानं ओढ्याच्या पात्रात खांब रोवले होते. खेळण्यांची दुकानं लावणारी माणसं बायकापोरांसह आली होती आणि त्यांनी पात्रातच तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. कुणाची बेफिकिरी म्हणाल तर तसं नाही. पौषापासून त्या पात्रात टिपूस नसतो, आणि गावात एवढी सपाट मोकळी जागा दुसरी नाही. कुस्त्यांचा फडही तिथंच, गाड्या लावायच्या त्याही तिथंच.

सव्वापाचला डोंगरमाथ्यावर ढग काळाभोर झाला. खाली आमच्याकडे ऊन होतं. दोन-तीनदा गडगडलं, थंड वाऱ्याची एक झुळूक आली, मातीचा वास आला, पण थेंब पडला नाही. वरच्या वाडीवरून दूध आणणारा पोरगा आला नव्हता. मी मनात म्हटलं, गाडी पंक्चर झाली असेल. सहा वाजून गेल्यावर आवाज यायला लागला, रिकामी ट्रॉली खडीच्या रस्त्यावरून ओढत आणावी तसा. लोंढ्याचं तोंड पाण्याचं नव्हतंच. पालापाचोळा, डोंगरावरच्या वणव्याची काळी राख, प्लास्टिकच्या बाटल्या, शेवरीचं एक अख्खं झाड, अशी गुडघाभर उंचीची भिंत चालत आली, आणि तिच्या मागून पाणी. शेजारच्या वस्तीवरचा एक जण दोन्ही बाजूंना कॅन लावलेली मोटारसायकल घेऊन फरशीच्या, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, मध्यावर होता. आमच्या तात्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. मोटारसायकल गेली. दुसऱ्या दिवशी एक कॅन खालच्या बंधाऱ्याच्या गाळात सापडला. झाकण घट्ट बसलेलं होतं, आत दूध नासलेलं होतं.

पाळण्याचे खांब वाकले, चुली आणि भांडीकुंडी वाहून गेली. माणसं वाचली, कारण बहुतेक जण तेव्हा चहासाठी वर माझ्या केंद्राशेजारच्या टपरीवर आले होते. याला नियोजन म्हणत नाहीत.

इशारा गावाच्या ग्रुपवर आला ७ वाजून ४० मिनिटांनी. 'सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस व सोसाट्याचा वारा, नागरिकांनी काळजी घ्यावी.' तोवर ओढा ओसरत आला होता. तो निरोप निघाला किती वाजता आणि वाटेत कितीजणांच्या हातून आला, हे शोधायला मी गेलो नाही. कुणाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही. माझ्या फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आहे, आणि त्याचा आवाज मीच बंद करून ठेवला होता, हेही इथंच सांगून टाकतो.

पण समजा तोच निरोप दुपारी दोनला आला असता, तरी आम्ही काय केलं असतं? खरं सांगतो, काहीच नाही. 'तुरळक ठिकाणी' याचा तुमच्या भाषेतला अर्थ मला नंतर कळला: त्या भागातल्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. तुमच्या दृष्टीनं शब्द मोजून वापरलेला आहे. आमच्या कानाला मात्र तो 'कुठंतरी पडेल, तुमच्याकडे नाही' असा ऐकू येतो. आणि जिल्हा तरी केवढा? १०,४८० चौरस किलोमीटर, ११ तालुके. एका टोकाला महाबळेश्वर, जिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला म्हसवड-दहिवडी, जिथं पाचशेच्या आसपास पडला तर लोक पेढे वाटतील. पावसाळ्यात तुम्ही 'सातारा घाट' असा वेगळा इशारा देता, ते फार बरं करता. वळवाच्या दिवसांत मात्र डोंगरकडा आणि माण-खटावचा माळ पुन्हा एकाच वाक्यात येतात.

वळवाचा अंदाज बांधणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. आमचे आप्पा ऐंशीच्या घरात आहेत, तेही सकाळी छातीठोक सांगत नाहीत. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारी वावटळी उठतात, तीन-चारच्या सुमारास समुद्रावरचा ओला वारा घाट चढून वर येतो आणि देशावरच्या कोरड्या गरम हवेला भिडतो. दोन वाऱ्यांची ही भांडणरेषा कधी आमच्या डोंगरावर, कधी कोरेगावच्या बाजूला, कधी पार सांगलीच्या तासगावकडे सरकते. डोंगराच्या उन्हाकडच्या उतारावर हवा आधी तापते, म्हणून पहिला ढग बहुतेकदा तिथंच उभा राहतो. तासाभरात त्याचं डोकं दहा-बारा किलोमीटरवर जातं. वरच्या थरात वारा जोराचा असेल तर ढग पुढं निघून जातो. वारा पडलेला असेल तर तो एकाच घळीवर बसून रिकामा होतो, आणि आम्हाला भीती असते ती याच ढगाची. वरच्या हवेची तपासणी करणारे फुगे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांसाठी सोडतात असं वाचलं. जगभर वेळ एकच ठरलेली, त्याला इलाज नाही. पण संध्याकाळच्या फुग्याचे आकडे तुमच्या हातात पडेपर्यंत आमच्या ओढ्याचं काम उरकलेलं असतं.

म्हणून 'उद्या सहा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या ओढ्याला पाणी येईल' असं सांगा, असा हट्ट मी धरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पाऊस पडतो डोंगरावर आणि धोका उतरतो खाली. या दोन्हींच्या मध्ये आमच्याकडे तीस-चाळीस मिनिटं असतात. तेवढ्या वेळात बातमी पाण्याच्या पुढं पळाली पाहिजे. आज ती ढगापासून मोठ्या शहरात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून गावाला येते. पाणी सरळ ओढ्यानं येतं.

त्या संध्याकाळी वाडीवर माझ्या बहिणीच्या अंगणात तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा पडला होता, वरचं तोंड कापलेला. त्यात तीन बोटं पाणी साठलं. सरळ बाजूंच्या डब्यात जेवढी खोली तेवढा पाऊस, तोंड केवढंही असो. तीन बोटं म्हणजे पन्नासेक मिलिमीटर, आणि भाचा म्हणाला की पाऊण तासही पडला नसेल. आता दूधवाल्याचा हिशेब ऐका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ओढ्याच्या पाणलोटातल्या फक्त ५ चौरस किलोमीटरवर तो पाऊस पडला असं धरलं तरी २५ कोटी लिटर झालं. निम्मं मुरलं म्हणू, जरी वणव्यानं गवत जळून उघडा पडलेला, भाजलेल्या विटेसारखा टणक झालेला उतार एवढं मुरवत नसावा. उरलं साडेबारा कोटी. ते तासाभरात फरशीवरून गेलं तर सेकंदाला जवळपास ३५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दुधाचे साडेतीन टँकर. दर सेकंदाला. तुमच्या मापात बाराशे क्युसेकच्या वर. धोम धरणातून एवढं पाणी सोडायचं असेल तर आधी नदीकाठच्या गावांना कळवतात, आणि ते योग्यच आहे.

आता हाच पाऊस कागदावर बघा. आपल्याकडे अतिवृष्टी कशाला म्हणायचं, तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर. हवामान विभागाच्या मापानंही 'जोरदार' ठरायला २४ तासांत ६४.५ लागतात. आमचा डबा पन्नासवर थांबला. शिवाय मंडळाचं मोजणी केंद्र खाली, डोंगरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. त्या दिवशी तिथली धूळसुद्धा बसली नव्हती. वळीव असाच असतो, बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. त्यामुळे सरकारी नोंदीत त्या संध्याकाळी आमच्याकडे पाऊसच झाला नाही, मग पूर कसला? भरपाई मिळाली नाही म्हणून हे लिहीत नाही. पूर आला होता अशी नोंदच नसेल तर पुढच्या वेळचा अंदाज कशाच्या आधारावर बांधणार, हा माझा प्रश्न आहे.

२४ तासांचं माप मोठ्या नदीला ठीक आहे. सांगलीकरांना आयर्विन पुलाची पातळी तोंडपाठ असते: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली आणि शहर पाण्यात गेलं, पण पाणी चढताना तासातासाला दिसत तरी होतं. कृष्णा-कोयनेचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात जनावरं हलवता येतात. ओढ्याला २४ तास म्हणजे काय ते कळत नाही. त्याला पंधरा मिनिटांत किती पडला एवढंच कळतं. पावसाळ्यातसुद्धा आपण हे पाहिलं. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. त्याच वेळी महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो पाऊस वळवाचा नव्हता, पण डोंगराखालच्या माणसाला उपयोगी पडेल तो आकडा तासाचा आणि अर्ध्या तासाचा असतो, हे तिथंही खरंच होतं.

तुमच्याकडे साधनं नाहीत असं म्हणायची सोय नाही, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आमच्या डोक्यावर, मांढरदेवच्या पठारावर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सह्याद्रीतल्या ढगांचा अभ्यास करायला एक्स-बँड रडार उभं केलं. समोर महाबळेश्वरात त्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. मुंबईच्या रडारचा किरण आमच्यापर्यंत येईतो दीडशे किलोमीटर कापून स्वतःच्या चढामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे अडीच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. त्याला ढगाचं धड दिसतं, पाय दिसत नाहीत. इथल्या डोंगरावरच्या रडारला दोन्ही दिसतील. ढगांवर शोधनिबंध निघाले, चांगलंच आहे, पण ज्या ढगाची इतकी छाननी होते त्याची खबर खालच्या फरशीवरच्या माणसाला अर्धा तास आधी मिळावी, ही अपेक्षा जास्त आहे का? त्यात हवामान विभागानं ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी अचानक पुराची मार्गदर्शन यंत्रणा सुरू केली. ती लहान लहान पाणलोटांगणिक चालते, सहा तास आधी धोका आणि चोवीस तास आधी जोखीम दाखवते. म्हणजे ओढ्याच्या हिशेबानं विचार करायला तुम्ही आधीच शिकलेले आहात. फक्त गावात येताना तो विचार पुन्हा जिल्ह्याच्या साच्यात ओतला जातो.

तर मागणं असं.

मार्च ते मे, दुपारी एक-दीडला एक ताजा अंदाज द्या, आणि त्यात जिल्ह्याऐवजी डोंगररांगेचं नाव घ्या. 'मांढरदेव-पांडवगड रांगेवर आज चार ते सातच्या दरम्यान वळवाची शक्यता दहात चार' एवढं वाक्य पुरे. शक्यता सांगितली की लोक गोंधळतात, असं मी साहेब लोकांकडून ऐकलंय. अहो, आमचा दिवसच शक्यतेवर उगवतो. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातलेली असते. ताडपत्री टाकायला दोन माणसं आणि एक तास लागतो, तेवढी मजुरी जाते. हळद भिजली तर रंग जातो, आणि सांगलीच्या बाजारात व्यापारी मूठ हातात घेऊन नुसतं हसतो. त्यामुळे दहात तीन म्हणालात तरी मी झाकीन. वीटभट्टीवाला कच्च्या विटांचा थर बघून वेगळं ठरवील. तिकडं तासगावचा बेदाणावाला शेडचे पडदे सोडायचे की नाही ते त्याच्या हिशेबानं पाहील. पाळणेवाल्याला दहात एक सांगितलं तरी त्यानं पोरंबाळं पात्रात झोपवू नयेत. एकच अंदाज चौघे चार तऱ्हांनी वापरतील. तुम्ही आकडा द्या, ठरवायचं आमच्यावर सोडा.

अंदाज चुकला तर चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी सांगा. ढग कोरेगावकडे सरकला, वारा फिरला, जे झालं ते दोन ओळींत. लोकांचा विश्वास उडतो तो अंदाज चुकल्यामुळे नाही, चुकल्यावर सगळे गप्प बसतात म्हणून.

दुसरं मागणं डोंगरमाथ्याचं. महसूल मंडळागणिक 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यात दोन हजारांवर. मंडळाच्या मध्यावर असलेलं केंद्र पीकविम्याला उपयोगी पडत असेल, पुराला नाही. ज्या वाड्यांच्या वर ओढे उगम पावतात तिथं साधी पर्जन्यमापकं बसवा, पंधरा मिनिटांचा आकडा आपोआप पाठवणारी. ठरावीक आकडा ओलांडला की खालच्या गावांतल्या चार-पाच फोनवर घंटी वाजली पाहिजे, मधल्या कुणाची सही न लागता. तो आकडा पंधरा असावा की वीस, ते तुम्ही पाणलोट बघून ठरवा. गावात पुढचं काम सोपं आहे. प्रत्येक देवळावर भोंगा आहे, आणि काकड आरतीला तो किती लांब ऐकू येतो हे आम्ही रोज अनुभवतो.

यात्रांचं वेळापत्रक तर तुमच्याकडे बंदोबस्तासाठी आधीच येतं. ते अंदाजवाल्यांच्या टेबलावरही ठेवा. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटानं कावडी चढतात तेव्हा त्या उभ्या कड्यावर हजारो माणसं असतात आणि बारशीचा दिवस ऐन वळवाच्या हंगामात येतो. लहान गावांच्या यात्रा त्याहून जास्त, आणि त्यातल्या कितीतरी ओढ्याच्या पात्रात भरतात. यात्रा बंद करा म्हणून नोटीस काढू नका, तिला कुणी विचारत नाही. पाळणा, मुक्काम आणि गाड्या एवढ्या तीन गोष्टी पात्राबाहेर घ्यायला सांगा, तेवढं आम्हीही करून घेऊ. मेंढपाळांचाही विचार करा. त्यांच्या मेंढरांचा वाडा कधी कुठल्या ओढ्याकाठी पडतो ते पोलीस पाटलाला माहीत असतं, त्यांना मात्र कुठल्याच ग्रुपवर कुणी घेतलेलं नाही.

आणि जाता जाता, फरशीखालच्या त्या दोन सिमेंटच्या नळ्या. शेवरीचं झाड त्यांत आडवं अडकलं म्हणून पाणी फरशीवरून गेलं. हे हवामानाचं खातं नव्हे, ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे, योग्य त्या माणसानं वाचावं.

आमच्या बाजूनं आम्ही सुरुवात केलीय. बहिणीच्या अंगणातला तो डबा आता खुंट्या ठोकून सपाट दगडावर बसवलाय, आत शाळेची पट्टी उभी चिकटवलीय. आभाळ भरलं की भाचा दर पंधरा मिनिटांनी बघतो आणि एक बोट भरलं की मला फोन करतो. मी देवळात सांगतो. फाल्गुनात एकदा हे करून पाहिलं. पाणी आलं नाही, फक्त फरशी ओली झाली, आणि भोंगा वाजवल्याबद्दल मला दोन दिवस टपरीवर चहा पाजावा लागला. ते मी सोसलं.

भाचा दहावीला आहे. परीक्षेच्या दिवसांत, किंवा तो घरी नसेल तेव्हा, डब्याकडे बघायला कुणी नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आम्ही एक फळा लावलाय, 'ओढ्याला पाणी आल्यास' असा. त्यावर वाडीचा नंबर आहे, माझा आहे, देवळाच्या पुजाऱ्याचा आहे, खालच्या वस्तीवरच्या दोघांचे आहेत. सगळ्यात वरची ओळ तुमच्यासाठी ठेवलीय. खडू खिळ्याला बांधून ठेवलाय.

कळावे,

आपला,
दूध संकलन केंद्रवाला,
मांढरदेवच्या डोंगराखालून, ता. वाई, जि. सातारा